शेणकाला आणि धुराची नळी

१० फेब्रुवारी १९७५
आजपासून रोजनिशी. बोलणार मी, लिहिणार सूनबाई विजयमाला. मला अक्षरओळख नाही. अक्षरावाचून माझं आजवर काही अडलेलंही नाही. सूनबाईला बजावलं, मी सांगेन तेच लिहायचं, पदरचं काही घालायचं नाही. आणि वाचून कुणाला दाखवायचं नाही. ती म्हणाली, "व्हय आत्याबाई."

पहिली गोष्ट जीपची. माझा लालासाहेब मिल्ट्रीतनं हवालदार होऊन सुटला आणि लिलावात डिस्पोजलची, म्हंजे मिल्ट्रीनं मोडीत काढलेली जुनी जीप घेऊन आला. रस्त्याला बरी धावते. उभी केली की उचक्या देते आणि गप्प होते.

दुसरी गोष्ट, एकवीस तारखेला सूनबाईला साताऱ्यात मास्तरणीच्या नोकरीचा इंटरव्ह्यू. ती एस.टी.नं निघाली होती. मीच म्हटलं, "घरची गाडी दारात असताना लोकांच्या गाडीत धक्के खातीस व्हय?" नोकरीला माझा विरोध अजिबात नाही. हे ठळक लिही म्हटलं.

११ फेब्रुवारी
संकल्प: एकवीसच्या आत जीप ठणठणीत. विहिरीवरचं इंजन इतकी वर्षं मीच बघते. त्याला चार चाकं लावली की झाली जीप.

१३ फेब्रुवारी
लालासाहेबानं पाटणचा बाळासो मेस्त्री आणला. त्यानं बॉनेट उघडलं, कान लावला. म्हणाला, नळ्यांचं दुखणं आहे. एक नळी वायपरची. इंजनाच्या ओढीवर वायपर हलतो म्हणे. ती चिरलीय, तिच्यातनं इंजन हवा ओढतं, म्हणून उचक्या. दुसरी नळी धुराची. इंजनाच्या पोटात जो धूर साठतो तो ती परत आत नेते आणि इंजन तो जाळून टाकतं. ती चोंदलीय. नव्या नळ्या कराडातनं आणून पंचवीसला बसवतो म्हणाला. तोवर गाडी हलवू नका.

मी विचारलं, "म्हंजे आपलाच ढेकर आपणच गिळायचा?"

"तसंच म्हणा, आजी."

"आणि ह्याला मिल्ट्रीवाले शिस्त म्हणत्यात!"

बाळासो लय हसला. हसू दे. गरतीच्या घरात उष्टं कुणाला खायला घालत नाहीत, इंजनालाही नाही.

सूनबाई म्हणाली, पंचवीस म्हणजे मी एस.टी.नंच जाते. म्हटलं, थांब.

१५ फेब्रुवारी
नोकरी लागली तर नातवंडांचं कोण बघणार, भाकऱ्या कोण बडवणार, ही रोजनिशी कोण लिहिणार, असलं माझ्या मनात एकदाही आलं नाही.

दोनदा आलं. पण ते जीपच्या कामाच्या वेळी नाही.

१७ फेब्रुवारी
उपाय सापडला. आमच्या पंपाचा खालचा पाइप हवा धरायला लागला की आम्ही मेस्त्री बोलवत बसत नाही. पाण्यात शेण कालवून शेणकाला करायचा आणि वरून ओतायचा. शेण जाऊन बरोबर भेगेत बसतं, हवा बंद, पाणी सुरू. आख्खं शिवार हेच करतं. हवा ती हवा, नळी ती नळी.

लालासाहेबाला बोलले. तो म्हणाला, "आई, ही पेट्रोलची गाडी हाय." म्हटलं, मग गाईचं शेण घेते, म्हशीचं नको.

१८ फेब्रुवारी, दुपार
वायपरच्या नळीला बाहेरून शेणाचा गिलावा दिला, वर चिंधी, वर सुतळी. लालासाहेबानं गाडी चालू केली. उचकी नाही! जात्यासारखी एका सुरात घरघरली. लालासाहेबानं माझ्याकडं बघितलं ते मी विसरणार नाही. शेजारच्या पारूबाईला मुद्दाम हाक मारून ऐकवलं. ती म्हणाली, "आवं, वास कसला येतोय?" काहींना दुसऱ्याचं चांगलं बघवत नाही.

बाळासोला कराडला जाऊ नको म्हणून निरोप धाडायला सांगितलं. लालासाहेबानं धाडला नाही. मिल्ट्रीत असतानाही असाच असणार.

२० फेब्रुवारी
धुराच्या नळीचाही निकाल लावला. काढूनच टाकली. तिच्या जागी जे तोंड उघडं राहिलं त्यात कणकेत भिजवलेली चिंधी ठासून बसवली. आता इंजन आपलं उष्टं खाणार नाही. लालासाहेब मळ्यात होता. त्याला सांगायचं राहिलं. मोठ्या कामात बारीकसारीक राहतंच.

सूनबाईनं पांढरं लुगडं खळ घालून, इस्तरी करून ठेवलंय. रात्री पोरांना पाढे म्हणून दाखवत होती, त्यांच्यासाठी नव्हे, स्वतःच्या इंटरव्ह्यूसाठी. मी म्हटलं, निवांत झोप, गाडीचं मी बघितलंय.

ती म्हणाली, "त्याचीच काळजी हाय." हे मी लिहायला सांगितलं नव्हतं. तिनं लिहिलंय, वाचून दाखवलं तेव्हा कळलं. असू दे.

उद्यासाठी एक डबा शेणकाला बरोबर घेतलाय. लागलाच तर.

२१ फेब्रुवारी, रात्री
आज लिहायचं नव्हतं. सूनबाई स्वतः पेन घेऊन येऊन बसली. म्हणून.

उंब्रजपर्यंत गाडी झकास. मी पुढं बसले होते, ओळखीचे दिसले की हात करत होते. हायवेला लागल्यावर आतनं काहीतरी फुटल्यासारखा आवाज आला. माझी कणकेची चिंधी नव्हे, ती जागची हलली नाही. तेल आपली वाट बघून दुसरीकडनंच उसळलं. कोंडलेला धूर तेलाला बाहेर ढकलतो म्हणे. पायांखालच्या फटीतनं ते मागं सूनबाईच्या लुगड्यावर आलं. पुढं शेणाचा गिलावा तापून तडकला, उचक्या सुरू झाल्या आणि नागठाण्याच्या अलीकडं गाडी उभी राहिली.

इथं थांबायला हवं होतं. पण डबा बरोबर होता. लालासाहेब मागचं तेल बघत होता तेवढ्यात मी नळी उपटली, शेणकाला ओतला आणि म्हटलं, "मार आता स्टार्टर!" त्यानं मला काही न विचारता मारला. आईवर विश्वास ठेवणारा पोरगा आहे. इंजनानं तो सगळा पिऊन टाकला. मग खोकलं, मागनं हिरवट पिचकारी टाकली आणि गेलं.

एक एस.टी. गच्च भरून निघून गेली. दुसरी थांबलीच नाही. शेवटी सूनबाई उसाच्या ट्रकला हात करून ड्रायव्हरशेजारी चढून बसली. आपल्या घरची सून. मी रस्त्याकडं पाठ करून उभी राहिले.

ती पोचली तोवर तिचं नाव पुकारून झालं होतं. साहेब म्हणाला, "बाई, इथं वेळेवर येता येत नाही, शाळेत कशा याल?" तेलाच्या डागांकडं बघून म्हणाला, पुन्हा जाहिरात निघेल तेव्हा बघा.

मी विचारलं, "तू काय सांगितलंस त्यांना?"

म्हणाली, "गाडी बिघडली म्हणून सांगितलं."

"एवढंच?"

"एवढंच, आत्याबाई."

२२ फेब्रुवारी
चूक कोणाची याचा शांतपणे विचार केला. १) मिल्ट्रीनं अशी गाडी विकायलाच नको होती. २) बाळासोनं नळ्या त्याच दिवशी आणायला हव्या होत्या. ३) यंदा गाईला पेंड कमी पडली, शेण पातळ होतं.

लुगडं मी स्वतः रिठ्यानं धुतलं. दोनदा. तेल हटत नाही. सूनबाई म्हणाली, राहू द्या. राहू द्या म्हटलं की जास्त लागतं.

२५ फेब्रुवारी
बाळासोनं जीप अंगणात खोलली. कणकेचं बूच चिमट्यात धरून सगळ्यांना दाखवलं. "हे कुणाचं काम?"

लालासाहेब आभाळ बघायला लागला. मी तुळशीला पाणी घालायला गेले, सकाळी घातलेलं असताना. सूनबाई म्हणाली, "उंदीर झालेत लय."

बाळासो म्हणाला, "कणीक मळून, चिंधीत घालून ठासणारा उंदीर? लय सुगरण हाय, वैनी, सांभाळा त्याला!"

सगळे हसले. सूनबाई हसली नाही. ती हसली असती तर बरं झालं असतं.

२ मार्च
दोन्ही नळ्या नव्या. जीप आता उभ्या उभ्या सुद्धा गप्प पडत नाही, धूरही दिसत नाही. इंजन आपला ढेकर आपणच गिळतं आणि त्याला काही होत नाही. शिकण्यासारखं आहे, पण आत्ता नको.

संकल्प: बॉनेटला हात लावायचा नाही.

९ मार्च
बॉनेट उघडलं. नुसतं बघायला.

२९ मार्च
नवी जाहिरात निघाली. सूनबाईला पुन्हा बोलावणं आलंय, बारा एप्रिल. या वेळी मी स्वतः तिला साताऱ्याला पोचवणार. कचेरीच्या पायरीपर्यंत. साहेबानं विचारलं तर सांगणार, मागल्या खेपेला उशीर हिच्यामुळं नव्हता. कुणामुळं होता ते विचारलं तर बघू.

९ एप्रिल
सूनबाई दोन दिवस पाटणला माहेरी निघालीय. बाराला सकाळी तिथनंच तिला जीपमध्ये घ्यायचं ठरलं. रोजनिशी दोन दिवस बंद. मी म्हटलं, "शेणकाला घेणार न्हाई, बरं का." ती म्हणाली, "न्हाई घेतला तर बरं."

१२ एप्रिल १९७५
पहाटे उठून अंघोळ केली, इरकल नेसले आणि कुणी बोलवायच्या आत जीपमध्ये पुढं जाऊन बसले. काही धरलं नाही, काही दाबलं नाही. दोन्ही हात मांडीवर.

लालासाहेब चहा पीत बसला. मग त्यानं बैलं सोडली. मी हाक मारली, "अरं, पोरगी वाट बघत आसंल की!" तो जीपजवळ आला, चाकाला उगाच पाय लावून उभा राहिला.

म्हणाला, "आई, उतर. इंटरव्ह्यू काल झाला. ती एस.टी.नं जाऊन आली."

म्हटलं, "बारा तारीख हाय न्हवं?"

"अकरा हुती."

"तुला ठावं हुतं?"

त्यानं चाकाला पुन्हा पाय लावला. मला राग यायला हवा होता. मी वाट बघितली, आला नाही. जीपमधनं उतरायला मात्र लय वेळ लागला.

दुपारच्या गाडीनं सूनबाई आली. निवड झाली म्हणाली, पाया पडली. मी डोक्यावर हात ठेवला. संध्याकाळी नेहमीसारखी पेन घेऊन समोर बसली.

म्हणाली, "तारीख घालू, आत्याबाई?"

म्हटलं, "घाल. पण खरी घाल."