चेतनाच्या लग्नाचं राहिलेलं जेवण

प्रकाशा, ता. शहादा
८ एप्रिल २०२५

चि. ललित यास,

चुलत आजीचे आशीर्वाद. आम्ही इकडे बरे आहोत. तुझी तब्येत विचारत नाही, लग्न ठरलेल्या पोराला तब्येत विचारायची नसते, शेरवानी बसते का ते विचारायचं असतं.

मी बोलते आहे आणि तुझी चुलतबहीण चेतना लिहिते आहे. सुरतेहून माहेरी आली आहे, आखाजीचा सण करूनच जाईल. तिला बजावलं आहे की मी बोलेन तेच लिही, मध्ये आपलं शहाणपण घालू नको. तिने लगेच घातलं. "आजी, आधी हालहवाल तर सांग," म्हणते. बरं, हालहवाल ऐक. तुझा काका केळीच्या बागेला कडेने हिरवी जाळी बांधतो आहे, ऊन फार. तापीला पाणी आहे, नळाला नाही. म्हैस व्याली, पारडा झाला, काका रुसला. त्याला पारडी हवी होती. झाली हालहवाल.

तुझी आई पिठाच्या गिरणीवर भेटली होती. तुझा मुहूर्त तिनेच सांगितला, मुलगी धुळ्याची, आणि पत्रिकाही छापायला टाकल्यात म्हणाली. "सभागृह धरलं का गं?" असं मी विचारलं. ती हसली. "काकू, ललितचाच तर प्रोग्राम, तो घरबसल्या धरी लेई." मी म्हटलं, वा. पिठाचा डबा तिथेच ठेवला आणि चेतनाला घेऊन सरळ मंडळाच्या ऑफिसात गेले.

तू बरीच वर्षं पुण्यात आहेस, म्हणून आठवण देते. आपल्या समाजाचं सभागृह आणि त्यातली पातेली, पराती, कढया, गाद्या हे सगळं सगळ्यांच्या वर्गणीचं. ज्याच्या घरी कार्य, त्याने तारीख धरायची. आधी धरेल त्याची तारीख. पूर्वी हे काम ऑफिसात बसणाऱ्या दोधूच्या डोक्यात चालायचं. मग तू कॉम्प्युटर शिकून आलास आणि मंडळाला प्रोग्राम करून दिलास. ऑफिसात एक, आणि सुरत-पुण्याच्या लोकांसाठी वेबसाइट. केवढं कौतुक झालं तुझं! मी स्वतः तुझ्या गळ्यात हार घातला. फुलं शहाद्याहून आणली होती.

चेतनाचं लग्न आठवतं?

तिची लेखणी थांबली आहे. लिही गं.

आखाजीनंतरचा दुसरा सोमवार. ती तारीख धरायला मी स्वतः गेले होते. दोधूने माझ्यासमोर भरली, मला वाचून दाखवली, मी पुन्हा म्हणून दाखवली. आणि लग्नाच्या सकाळी आमचे गडी पातेली आणायला गेले तर सभागृहात दुसराच मांडव. तुझ्या सुरतच्या मामांच्या घरचा साखरपुडा. आमच्या वऱ्हाडाच्या बसगाड्या येऊन उभ्या, नवरदेवाला उतरायला जागा नाही. बाकीचं तुला माहीत आहे. जिनिंगच्या आवारात, सरकीच्या ढिगांशेजारी, चेतनाची सप्तपदी झाली. घरोघरची पातेली गोळा केली, कुणाच्या पातेल्याला झाकण नाही, कुणाच्या झाकणाला पातेलं नाही. वरणाला उकळी यायला दुपार टळली. तिच्या सासरच्या माणसांनी चहा-बिस्किटावर लग्न लावलं.

आणि पुढच्या रविवारी मंडळाच्या बैठकीत तू माईक हातात घेतलास. "प्रोग्राममध्ये काही चूक नाही. आजींना लिहिता-वाचता येत नाही. त्या तिथी-वारावर चालतात, कॉम्प्युटर तारखेवर. सांगताना गोंधळ झाला असणार." गोड बोललास. मला आजी म्हणालास. लोक हसले.

आता हे चेतनाला नको आहे लिहायला, पण लिहील.

ललित, मला ते खरं वाटलं.

पूर्ण बैठकीत मलाच ते सगळ्यात जास्त खरं वाटलं. मी म्हटलं, शिकलेला पोरगा सांगतो, यंत्र सांगतं, मग आपलंच डोकं फिरलं. मी सुरतेला जाऊन चेतनाच्या सासूबाईंच्या पाया पडले. माझ्याहून लहान बाई ती. तिने पाय मागे घेतले नाहीत. नंतर स्वयंपाकघरात जावेला म्हणत होती, "जे घरमा तारीख समजस नही, तठली पोर लई उनूत आपण." तारीख न कळणाऱ्या घरची पोर आणली, हे मला ऐकू गेलं. चेतनाला तर रोज ऐकू गेलं. आणि इकडे? या घरात कुणाचा जन्म कधीचा, कुठली गाय कधी फळली, सगळं मला विचारायचे. त्यानंतर विचारणं बंद. मी भाजीत मीठ घातलं म्हटलं तरी सून चाखून बघते.

गेल्या दिवाळीत दोधू फराळाला आला होता. दोन करंज्या खाल्ल्यावर माणूस मोकळा होतो. म्हणाला, "काकू, एक गोट सांगू? चेतनाना लग्ननंतर ललितनी माले फोन करा. म्हणे, ऑफिसमाईन तारीख भरू नका आते, वेबसाइटवरच भरा. कोणले सांगू नका."

मी करंजीचं ताट बाजूला ठेवलं. प्रोग्राम जर बरोबर होता, तर ऑफिसातून भरायचं का नाही रे?

मी दिवाळीतच चेतनाला बोलावलं. ती सुरतेला प्रोग्राम करायचंच काम करते, तुला माहीत आहे, तू तिच्या लग्नात चहा पिताना विचारलंस सुद्धा. तिने मला ऑफिसात खुर्चीवर बसवलं. एक मोकळा दिवस माझ्या नावावर ऑफिसच्या कॉम्प्युटरवर भरला. मग मोबाईलवरून वेबसाइटवर तोच दिवस दोधूच्या नावावर भरला. दोघांनाही "तारीख मिळाली" आलं. दोघेही खूश! संध्याकाळी ऑफिसचा कॉम्प्युटर आणि वेबसाइट एकमेकांशी बोलले, आणि माझं नाव गेलं. पुसलं म्हणजे असं, की मी कधी आलेच नव्हते.

मी विचारलं, "असं का गं?" म्हणाली, "आजी, दोन्हीकडे वेगवेगळी यादी आहे. संध्याकाळी जुळवताना जो शेवटी बोलेल तो खरा, असं ललितदादाने ठेवलंय." मी म्हटलं, हे तर एका भाजीत दोन सुनांनी मीठ घालण्यासारखं झालं. दोघींनी एकमेकींना विचारलं नाही आणि खाणाऱ्याचं तोंड गेलं. तर ती म्हणे, अगदी तसंच, आणि यावर उपाय जुना आहे, हे काम करणाऱ्या सगळ्यांना माहीत असतो.

सगळ्यांना. म्हणजे तुलाही.

मग मी मंडळाच्या अध्यक्षांना घरी बोलावून श्रीखंड घातलं आणि चेतनाने नवा प्रोग्राम केला. त्यात एकीने पळी हातात घेतली, म्हणजे एकाने तारीख धरायला घेतली, की दुसरीने थांबायचं. मी विचारलं, आणि पळी धरून बाई झोपी गेली तर? चेतना हसली, म्हणाली तेवढ्यासाठी थोडा वेळ ठेवलाय, तेवढ्यात पैसे भरले नाहीत की पळी खाली. ऑफिसातली वीज किंवा नेट गेलं तर तिथे फक्त विचारणा घेतली जाते, तारीख मिळाली असं खोटं बोलत नाही. नेट आलं की मगच हो किंवा नाही. आणि माझी एक अट होती. पुसायचं काहीच नाही. रद्द करायचं तर रेघ मारायची, कोणी मारली ते नाव दिसलं पाहिजे, आणि कारण सांगितल्याशिवाय पुढे जाता येऊ नये. चेतना म्हणे अध्यक्षांसाठी एक खास किल्ली ठेवावी लागते, अडीअडचणीला. मी म्हटलं, ठेवू नको. किल्ली आली की गुपचूप पुसणं आलं.

जुन्या प्रोग्रामात तुझ्याकडे अशीच किल्ली होती, ती तू परवा लावून पाहिलीस. लागली नाही ना? पुन्हा लावलीस, पुन्हा लागली नाही. प्रोग्रामने चेतनाला सगळं कळवलं. तेव्हा तुला कळलं असेल की तुझ्या लग्नाच्या दिवशी सभागृह धरलेलं आहे. नाव माझं. कार्य काय, तर "चेतनाच्या लग्नाचं जेवण". दोन वर्षांनी घालू नये असं मंडळाच्या कुठल्या नियमात आहे ते दाखव. गरम वरण, बट्टी, वांग्याची भाजी, पहिली पंगत सुरतेच्या मंडळींची. आचारीही सांगून ठेवला आहे.

तुझ्या पत्रिका छापून झाल्यात, सभागृहाच्या नावासकट. धुळ्याची माणसं विचारतील. तुझ्या आईने माझ्या दारात बसून डोळे पुसले. वाईट वाटलं. तिला चहा दिला. तारीख दिली नाही.

काल तुझी माफी आली. मोबाईलवर, लांबलचक. चेतनाने वाचून दाखवली. चांगली लिहिली आहेस. "झाल्या प्रकाराबद्दल दिलगीर" आहेस. पण बाळा, मला वाचता येत नाही, हे तर तूच सगळ्यांना सांगितलंस. मग लेखी कशाला पाठवतोस? तू माझी अब्रू तोंडाने घेतलीस, तोंडानेच परत दे.

येत्या रविवारी मंडळाची बैठक आहे. पुण्याहून ये. माईक घे. प्रोग्राम तुझा चुकला होता, तुला तेव्हाच कळलं होतं, आणि आजीने तारीख बरोबर सांगितली होती, एवढं बोल. इंग्रजी शब्द नकोत, दिलगीर नको, "झाला प्रकार" नको. चेतनाच्या सासूबाई येणार आहेत. मी त्यांना पुढच्या खुर्चीवर बसवणार आहे, म्हणजे ऐकू येईल. बोलताना माझ्याकडे बघू नको, त्यांच्याकडे बघ.

दोधू कॉम्प्युटर उघडून बसलेला असेल. तू बोललास की मी त्याला मान हलवून सांगेन, तो माझ्या नावावर रेघ मारेल, आणि सभागृह तुझं. कारण विचारलं तर तू जे बोलशील तेच तो तिथे भरेल, शब्द न् शब्द. तुझी नातवंडं वाचतील. पुसता येत नाही.

नाही आलास तर माझी हरकत नाही. जेवणाला ये. पत्रिकेवर जागा बरोबरच छापली आहे, नवरा-नवरी येऊन पंगतीत बसा. चेतनाच्या लग्नाचं आहे, पोटभर वाढू. तुझ्या सप्तपदीसाठी जिनिंगचं आवार मोकळं आहे, मी चौकशी केली. सरकी यंदा कमी आहे.

चेतना म्हणते, एवढं कडक नको, शेवटी काहीतरी गोड लिही. लिही: रविवारी तुझ्यासाठी पुरणाची पोळी करून ठेवीन. बैठकीनंतर मिळेल, आधी नाही.

तुझी आजी,
निर्मलाबाई,
जिने तारीख बरोबर सांगितली होती