भामाबाईंची सात मिनिटं

१२ नोव्हें.
सकाळी पुण्याहून फोन. फिल्म घेतली. सामाजिक माहितीपटांचा दोन दिवसांचा छोटा महोत्सव आहे. तिथल्या मॅडम म्हणाल्या, "त्या मेंढपाळ बाईंची सात मिनिटं बघून आम्ही सगळे गप्प झालो होतो."
अठ्ठावीस मिनिटांची फिल्म. दोन वर्षं गेली, लग्नाच्या ऑर्डरी सांभाळून. पाटोद्यात मी शूटिंगवाला दत्ता. आज पहिल्यांदा कुणी दिग्दर्शक म्हणालं.
सुनीता पोरांचे डबे भरत होती. म्हणाली, "बरं झालं." मग, "भामामावशीला सांगितलं का?"

१३ नोव्हें.
वाडीवर जाऊन आलो. मावशी माळावर मेंढ्यांमागं. तिचे मालक रामभाऊ घरापुढं बसलेले, काठी जवळच. गायरानाला सोलर कंपनीचं कुंपण पडलं, मेंढ्या सवयीनं आत गेल्या, म्हणून इथले पुढारी अण्णासाहेब, त्यांच्या माणसांनी रामभाऊंना मारलं, तेव्हापासून कमरेत नीट उभं राहता येत नाही. जागा कंपनीला मिळवून देण्यात अण्णाच पुढं होते. पोलिसांनी मारणाऱ्यांची नावं लिहून घेतली नाहीत. मावशीनं ती माझ्या कॅमेऱ्यापुढं घेतली. तिन्ही.
पुण्याचं सांगितलं.
"पुण्याला दाव. हितं दावू नको बाबा."
"इथं कुणाला दावतो मावशी."

१५ नोव्हें.
फिल्ममधला एक मिनिटाचा तुकडा स्टेटसला टाकला, खाली पुण्याचं लिहून. मावशी नुसतं कुंपणाचं बोलते तेवढाच, नावं नाहीत. दिवसभर लोकांचे मेसेज. छान वाटलं.

१६ नोव्हें.
काढला. उशीर झाला. कुणीतरी उतरवून घेतलाय, तीन ग्रुपवर फिरतोय.

१९ नोव्हें.
अण्णांचा पुतण्या स्टुडिओत आला. चहा मागवला, पिला.
"लई मोठा झालास बे दत्ता. पुण्याला आमची बदनामी करायलास."
मी म्हणलं, फिल्ममध्ये अण्णासुद्धा बोललेत, त्यांची बाजू आहे. खरं म्हणजे ही लाचारीच.
"त्या बाईला येवढं कोण शिकवलं?" एवढं विचारून गेला. आवाज चढवला नाही त्यानं.

२२ नोव्हें.
नामदेव आला मोटारसायकलवर. मावशीचा दीर, मेंढ्या दोघांच्या एकत्रच. बसला नाही, दारातच उभा.
आसपासच्या शेतकऱ्यांना अण्णांचा निरोप गेलाय, यांच्या मेंढ्या रानात बसवू नका. पीक निघालं की रिकाम्या रानात रात्री मेंढ्या बसतात, रानाला खत होतं, यांना धान्य मिळतं, तिथंच चारा. आता हंगाम त्याचाच. तिघांनी नाही म्हणून सांगितलं. त्यातला एक तर दर वर्षी घरी बोलवायला यायचा.
"वहिनीला काढ पिक्चरमधून."
"मावशी काय म्हणते?"
"ती काय म्हणल? मी सांगायलो न्हवं."

२३ नोव्हें.
मॅडमना फोन करून अडचण सांगितली. म्हणाल्या, चेहरा धूसर करा, आवाज बदला. त्यांना कसं सांगू? पाठमोरी चालली तरी वाडीतलं शेंबडं पोर ओळखेल तिला.
मग म्हणाल्या, "पण त्यांची लेखी संमती आहे ना तुमच्याकडे?"
आहे. अंगठा आहे. कागद मीच लिहिला, मीच वाचून दाखवला. 'हितं दावू नको' त्यात नाही. दिवसभर मनात येत राहिलं, कागद आहे, फिल्म माझी आहे. असं मनात येतं हे लिहून ठेवलेलं बरं.

२५ नोव्हें.
लॅपटॉप घेऊन माळावर गेलो. तिनं तो तुकडा बघितला नव्हता, लोकांकडून ऐकलेला. उन्हात पडदा दिसेना. तिनं घोंगडी काढली, दोघांनी डोक्यावरून घेतली. आत लोकरीचा वास, तिचा श्वास.
सात मिनिटं हलली नाही. मग, "परत लाव."
दुसऱ्यांदा तिचे ओठ हलत होते. नावं आली तिथं थांबले.
"येवढं बोलले व्हय मी?"
"हो."
"खरं हाय सगळं." मग म्हणाली, "काढ."
मी म्हणलं, मावशी, मोबाईलवर मीच टाकलं. माझ्यामुळं झालं.
"म्हाईत हाय. मी तुला नको म्हणले हुते. कावून टाकलास?"
छान वाटावं म्हणून, असं म्हणता आलं नाही. ती रागावली नव्हती, खरंच विचारत होती. घोंगडी झटकून मेंढ्यांकडं गेली. मी लॅपटॉप बंद करतोय तर परत आली.
"पर पुसू नको. ठिव."
"कुठवर?"
"ते न्हाई सांगता येत."

२८ नोव्हें.
कापली. एकवीस मिनिटं. कुंपण, मेंढ्या, पंचायतीतला साहेब. आणि अण्णा, विकासावर, पाच मिनिटं. आता फिल्ममध्ये सगळ्यात जास्त तेच बोलतात. हे कापून झाल्यावर लक्षात आलं. त्यांचंही कमी केलं, तर उरलं त्याला फिल्म म्हणवेना. परत जोडलं.

६ डिसें. पुणे.
चाळीसेक माणसं. टाळ्या वाजल्या. एका मुलीनं विचारलं, "यात तिथल्या बायका का नाहीत?"
माईक हातात होता. म्हणलं, त्या बोलायला तयार नव्हत्या.
मॅडम खाली बघत होत्या. त्यांनी सात मिनिटं पाहिलेली. नंतर चहाला माझ्याजवळ आल्या नाहीत, मीही गेलो नाही. संध्याकाळची बस धरली. दुसरा दिवस बघायचा ठरला होता.

१० डिसें.
नामदेव बाजारात भेटला. दोन ठिकाणी मेंढ्या बसवायला हो म्हणले. पहिल्या तिघांचं अजून नाहीच.
दुपारी पुतण्या परत. "ऐकलं, काढलंस. चांगलं केलंस. मूळ शूटिंग कुठंय?"
"पुसलं."
"पुसलं म्हणतोस. बरं. काकांना तसं सांगतो."
गेल्यावर शटर अर्धं ओढून बसलो. गिऱ्हाईक आलं तरी उठलो नाही.

१२ डिसें.
नामदेवच्या मोबाईलवरून मावशीचा फोन. दोन वर्षांत पहिल्यांदा तिनं केला.
"अण्णाचा पुतण्या आलता. दत्तानं पुसलं का, म्हणून इचारलं."
"मग?"
"मला काय कळतंय त्यातलं, म्हणलं." मग हळूच, "पुसलं का रं?"
"न्हाई."
"बरं."
फोन ठेवला नाही तिनं. मेंढ्यांचा आवाज येत राहिला, मीही ठेवला नाही. मग आपोआपच कट झाला.
सुनीता म्हणते, मूळ शूटिंगची डिस्क आणि ही वही एका घरात ठेवू नको. कुठं ठेवायची? जी जी माणसं आठवली, त्या सगळ्यांच्या लग्नाला अण्णा येऊन गेलेत. शूटिंग मीच केलंय.