उरलेली वीजबिलं

अहो,

पायाची सूज उतरली नाही, म्हणून दवाखान्यात चाललेय. जेवण झाकून ठेवलंय, गरम करून घ्या.

दाराशी माझी पिशवी आहे. मागच्या गल्लीची वीजबिलं वाटायची राहिलीत. ती आजच पोचायला हवीत, तेव्हा तुम्ही वाटून या. विजेचा दर पुन्हा वाढलाय, त्यामुळे लोक दारातच तोंड सोडतात. ऐकून घ्यायचं, उलट बोलायचं नाही. कोपऱ्यावरच्या शिंप्याचं बिल दाराखालून सरकवा. काल त्याने माझ्या अंगावर कुत्रं सोडलं, तेव्हाच पाय मुरगळला.

घरं शोधावी लागणार नाहीत. ‘वीजबिल निम्मं करू’ ही तुमच्या साहेबांची पत्रकं निवडणुकीत तुम्हीच तिथे दारोदार वाटली होतीत.

कुत्रं सोडण्याआधी शिंप्याने तुमचीच चौकशी केली.