नारिंगी पाटी

वेडरबर्न, ओहायो
८ नोव्हेंबर १९८७

ती. बाबांना,
शि. सा. न. वि. वि.

पोरी पाण्यात, तू कोरडी, मग तू दिवसभर करतेस काय, असं तुम्ही विचारलंत. खरं सांगायचं तर मला उत्तर देता येत नाही. पहाटे साडेपाचला मी कॉलेजच्या पोहण्याच्या तलावाचे दिवे लावते, आज किती पोहायचं ते फळ्यावर लिहिते, आणि पुढचे दोन तास काठाकाठाने चालत ओरडते. पोरींची डोकी पाण्यात, त्यांना त्यातलं काही ऐकू जात नाही. तरी त्या वेगाने पोहतात. माझ्यामुळे की माझ्याशिवाय, देव जाणे.

पोहणाऱ्या दहा आणि फळीवरून उड्या मारणारी एक, प्रू. उड्यांतलं मला किती कळतं ते तुम्हाला ठाऊक आहे. ग्रंथालयातून पुस्तक आणलं. परवा तिला म्हटलं, गुडघे जुळव. तर म्हणते, कोच, ते पान मीही वाचलंय, तुम्ही पुढचं वाचा.

पण खरी आशा कॉरिनवर आहे. गोठेवाल्यांची मुलगी, घरातून कॉलेजात आलेली पहिलीच, माझ्यासारखी. मैलाची शर्यत पोहते. यंदा तिचं शेवटचं वर्ष. फेब्रुवारीतल्या विभागीय स्पर्धेत ती ठरलेल्या वेळेच्या आत आली, तर राष्ट्रीय स्पर्धेला जाईल. आमच्या कॉलेजातून अजून कोणी गेलेलं नाही. बाबा, अशा मुलीला तिथवर नेता आलं नाही, तर मी शिकले कशासाठी?

आधीचे कोच इथे एकोणीस वर्षं होते. कचेरीतल्या खुर्चीला त्यांच्या पाठीचा खळगा पडलाय, तो मला मोठा होतो. क्रीडा संचालक हॅगर्टी मला ‘पोरी’ म्हणतात. माझा करार एकाच वर्षाचा आहे, पुढचं मार्चमध्ये ठरेल. बाकी सगळे ‘कोच’ म्हणतात. सप्टेंबरपासून मला मार्लिस अशी हाक कोणी मारलेली नाही. रविवारी तलावाला कुलूप असतं. मी सूप गरम करते, क्लोरीनचा वास जावा म्हणून दोनदा आंघोळ करते. वास जात नाही. अर्थात तो यायला खोलीवर येतंय कोण!

फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही, म्हणून पत्रच बरं. लोभ असू द्या आणि बर्फावर जाताना कानटोपी घाला.

तुमची,
मार्लिस

*

व्हर्टानेन, मिनेसोटा
२९ नोव्हेंबर १९८७

चि. मार्लिस हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र शेजारच्या एइनोला वाचून दाखवलं. तो म्हणाला, पोरीला पाण्याकडे बघत बसायचा पगार मिळतो, मग आपण दोघे तळ्याच्या बर्फाला भोक पाडून फुकट कशाला बसतो? मी म्हटलं, तिच्याकडे पदवी आहे, तुझ्याकडे गळ आहे.

खाण बंदच आहे. आता कोणी विचारतही नाही कधी सुरू होणार म्हणून. एकवीस वर्षं खडक फोडले, कान घालवले, आणि एका शुक्रवारी कामावरून काढल्याची चिठ्ठी हातात ठेवली. तुला पदवी मिळाली तेव्हा मी गावभर सांगत फिरलो, आमची मार्लिस आता अशा चिठ्ठ्यांच्या पलीकडे गेली. मला खोटं पाडू नकोस.

शनिवारी अजून सौनाची वाफखोली तापवतो. एकट्यासाठी लाकडं जाळायला जिवावर येतं, पण तापवतो. वरच्या बाकावर तुझ्या आईची जागा मोकळी ठेवून खाली बसतो. ख्रिसमसला तुझं येणं होणार नाही, सराव असतो, हे मला कळतं. एइनोला कळत नाही.

तुझ्या त्या गोठेवालीला सांग, पोटभर खात जा. काठावरून पडू नकोस. आठवण ठेवतेस तशीच ठेव.

तुझा,
बाबा

*

वेडरबर्न
२१ फेब्रुवारी १९८८

ती. बाबांना,
सा. न. वि. वि.

स्पर्धा काल संपली. आधी चांगलं सांगते. प्रू उड्यांत पाचवी आली. आदल्या संध्याकाळी पोरींनी हॉटेलात रांगेने बसून, तीन महिने मुद्दाम वाढवलेले पायांवरचे केस भादरले. अंगावरून पाणी निसटावं म्हणून असं करतात. न्हाणीघर तुंबलं. मालकीणबाई मला म्हणाल्या, काय हो, मेंढ्या आणल्यात की मुली? खूप हसलो आम्ही.

आता दुसरं. मैलाला तलावाच्या लांबीच्या सहासष्ट खेपा होतात. पोहणारीला तेवढं ध्यानात राहत नाही. म्हणून तिचं एक माणूस पलीकडच्या टोकाला पालथं पडून आकड्यांची पाटी पाण्यात बुडवून धरतं. एकच खेप उरली की आकडा काढून नारिंगी पाटी दाखवायची. ती दिसली की पोहणारी उरलंसुरलं सगळं ओतते. पाटी धरायचं काम मैत्रिणीचं. पण कॉरिन म्हणाली, कोच, तुम्हीच धरा, मुली गप्पा मारतात.

ती फार सुंदर पोहली, बाबा. वेळेच्या आत येणार हे मला घड्याळावर दिसत होतं, आणि मी घड्याळाकडेच बघत बसले. शेजारच्या रांगेतली पहिली येणारी मुलगी तिच्या बरोब्बर दोन खेपा पुढे होती, म्हणून दोघी माझ्या टोकाला एकदमच आल्या. शेजारणीच्या माणसाने नारिंगी दाखवली. माझ्या हातांनीही नारिंगी दाखवली. कॉरिनच्या अजून तीन खेपा बाकी होत्या.

ती जीव तोडून गेली, भिंतीला हात लावला, टोपी काढली आणि हसत वर बघितलं. घड्याळ चालूच होतं. पंच वाकून ओरडला, अजून दोन! ती पुन्हा निघाली. चार सेकंदांनी राष्ट्रीय स्पर्धा हुकली.

बाहेर आल्यावर म्हणाली, चष्म्यात पाणी गेलं होतं, मलाच नारिंगीचा भास झाला. तिचे वडील दोन धारांच्या मधल्या वेळात गाडी हाणत आले होते. ते म्हणाले, चार वर्षं कॉलेजात घातलीस आणि सहासष्टपर्यंत मोजता येत नाही होय गं? आमच्या गाईंनाही धारेची वेळ कळते! सगळे हसले. तीही हसली. पाटी पाण्याखाली होती, वळणावरचा पंच तिचे पाय बघत होता. खरं काय ते फक्त मला माहीत आहे. मी पाटीवरचे आकडे शून्यावर आणले आणि काहीच बोलले नाही.

परतताना तिने गाडीत सगळ्या मुलींची माफी मागितली. मी गाडी चालवत होते.

हे तुम्हालाच लिहू शकते. रागवा, पण माया पातळ करू नका.

तुमची,
मार्लिस

*

व्हर्टानेन
२७ फेब्रुवारी १९८८

चि. मार्लिस हिस,
अनेक आशीर्वाद.

हे पत्र एइनोला दाखवलं नाही. वाचून चुलीत टाकलं.

गप्प राहा. शर्यत झाली ती झाली. तू बोललीस म्हणून घड्याळ चार सेकंद मागे जाणार नाही. ती पोरगी उन्हाळ्यात शिकून बाहेर पडेल, लग्न करेल, विसरेल. पण तुझ्या कराराचा कागद पुढच्याच महिन्यात त्या हॅगर्टीच्या टेबलावर येणार आहे. बाईमाणूस, पहिलं वर्ष. त्याला निमित्तच हवं असेल. ते तू आपल्या हाताने लिहून देणार? तुला शिकवलं ते इथे येऊन माझ्याबरोबर बर्फाच्या भोकाशी बसायला नाही.

चूक कोणाकडून होत नाही? खाणीत आम्ही एकमेकांच्या चुका पोटात घालायचो. तुझी मी घातली. आता तूही घाल.

जेवत जा. तुझं अक्षर बारीक झालंय. जीव लावतो, म्हणून ऐकवतो.

तुझा,
बाबा

*

वेडरबर्न
६ मार्च १९८८

ती. बाबांना,
सा. न. वि. वि.

तुमचं पत्र गुरुवारी मिळालं. दोनदा वाचलं. तुम्ही माझ्या भल्याचंच लिहिलंत, त्यात मला तिळमात्र शंका नाही.

शुक्रवारी पोरींनी वर्षअखेरच्या जेवणात गमतीची बक्षिसं दिली. कॉरिनला लहान मुलांची मणी मोजायची चौकट मिळाली. तिने ती उंच धरून सगळ्यांना दाखवली, टाळ्या झाल्या. मग ती खुर्चीवर बसली आणि टेबलाखाली एकेक मणी सरकवत राहिली. मी शेजारीच होते. तिचे ओठ हलत होते.

शनिवारी ती घरी असते, म्हणून काल गाडी काढून गेले. दीड तास लागला. तिच्या आईने कॉफी आणि ॲपल पाय पुढे ठेवला, वडील गोठ्यातले बूट दाराशी काढून आले. त्यांना वाटलं, मी काही बक्षीस घेऊन आले. मी बसलेसुद्धा नाही. म्हटलं, तुमच्या मुलीचं मोजणं चुकलं नाही. नारिंगी पाटी मी दाखवली, तीही शेजारच्या रांगेत बघून. तिला भास झाला नव्हता.

आई म्हणाली, अगं बाई. वडील मुलीला म्हणाले, मी तुला उगाच गाईंवरून बोललो गं. एवढंच म्हणून बूट घालून निघून गेले. धारेला तास होता अजून.

कॉरिन रडली नाही. म्हणाली, चूक तर चूक, कोच, कोणाचीही होते. पण दोन आठवडे? दोन आठवडे मी रोज ती शर्यत डोळे मिटून पुन्हा पोहतेय, कुठे चुकले ते शोधत. तुम्ही रोज काठावर होतात.

आईने ॲपल पायचा तुकडा कागदात बांधून दिला. कॉरिन गाडीपर्यंत आली नाही. तिने माफ केलं असं मी तुम्हाला लिहिलं असतं, तर तुम्हाला बरं वाटलं असतं. तिने केलेलं नाही. बहुतेक करणारही नाही, आणि तो तिचा हक्क आहे.

बाबा, खाणीत तुम्ही एकमेकांच्या चुका पोटात घातल्यात, तेव्हा सोसणारे तुम्ही सगळे जाणते होतात. इथे माझी चूक एका पोरीच्या पोटात होती, आणि ती तिला स्वतःची वाटत होती. मला खरंच तुम्हाला खोटं पाडायचं नव्हतं. गावात कोणी विचारलं तर काय सांगायचं ते तुम्ही ठरवा. मी जे केलं ते सांगितलंत तरी चालेल. माझ्यावर जीव आहे तेवढाच राहू द्या, जास्त मागत नाही.

हॅगर्टींना पत्र लिहिलं. चूक काय, कोणाची, आणि कॉरिनच्या नावापुढे स्पर्धेच्या अहवालात काय दुरुस्त करावं, एवढंच. कराराबद्दल एक अक्षर नाही. आज रविवार, त्यांची कचेरी बंद. पाकीट दाराखालून सरकवलं, पण कोपरा बाहेर राहिला, आणि तो कोपरा मला परत ओढता आला असता. म्हणून वर जाऊन फूटपट्टी आणली आणि हात पोचणार नाही इतकं आत ढकललं.

तुमची,
मार्लिस