कोऱ्या कागदाचा वर्ग

तीर्थस्वरूप दादा,

साष्टांग नमस्कार. इकडे माझा गुडघा सोडला तर सगळे बरे आहेत. तुझी तब्येत कशी आहे ते विचारतो, पण उत्तराची वाट पाहत नाही (एकोणीस वर्षांत ती सवय मोडली). छापखान्याच्या संपात पकडल्यावर तू चार सोबत्यांची नावं पोलिसांना दिलीस, असं लोक म्हणाले. तू फितूर ठरलास, गाव सोडलंस आणि मी पोलीस चौकीतला टायपिस्ट म्हणून माझ्याशीही बोलणं टाकलंस. यात तुझं काही चुकलं असं मी म्हणणार नाही.

निवृत्त झाल्यावर काय करतोस म्हणशील, तर लोकांना हक्क शिकवतो. हसू नकोस. आमचा दवाखाना बंद करणार आहेत, त्याविरुद्ध सोमवारी मोर्चा आहे आणि मोर्चात पोलिसांनी धरलं तर काय करायचं याचा वर्ग एक वकीलबाई वाचनालयात घेतात. दवाखाना गेला तर तुमचा गुडघा कोण बघणार, असं म्हणून हिनं मला तिकडे पिटाळलं. मागच्या खुर्चीत डुलकी काढायचा माझा बेत होता. पण मी तीस वर्षं चौकीत काढली आहेत हे बाईंना कुणीतरी सांगितलं (हिनंच, दुसरं कोण). झालं, सरावासाठी मला पोलीस केलं.

बाईंनी आधी तासभर शिकवलं. अटकेचं कारण विचारा, घरी कळवायला सांगा, वकील मागा, आणि काही झालं तरी कोऱ्या कागदावर सही करू नका. हे शेवटचं चौदा जणांनी तीनदा एका सुरात म्हटलं. मग मी टेबलामागे बसलो (एक पाय आखूड, खाली जुना शब्दकोश सारलेला). वाटलं होतं, आवाज चढवावा लागेल. मी नुसतं हळू आवाजात म्हणालो, "सही करा, बाकीचं आम्ही भरतो. घरी जायचंय ना?" दादा, बारा जणांनी सही केली. हेडमास्तरांनी तर खाली तारीखही घातली, आणि न्हाव्यानं पेन परत देताना माझे आभार मानले. एकजण पाणी प्यायला गेला होता म्हणून वाचला. उरली शिंपीणबाई. ती म्हणाली, वाचल्याशिवाय मी सही करत नाही आणि चष्मा घरी राहिलाय. कागद कोराच आहे, वाचण्यासारखं त्यात काही नाही, हे मी तिला पाच मिनिटं समजावत होतो आणि सगळा वर्ग पोट धरून हसत होता. बाई म्हणाल्या, काय सुंदर अभिनय केलात. मी घरी आलो आणि जेवलो नाही.

सोमवारी हीच माणसं मोर्चात असणार, म्हणून रविवारी शेवटचा वर्ग आहे. सही केल्यावर त्या कागदाचं पुढे काय होतं ते लोकांना कळत नाही, तेव्हा एखादी खरी हकीकत सांगा, असं बाई म्हणतात. हकिकती पुष्कळ आहेत. सांगण्यासारखी एकच आहे.

गुडघा कुरकुरतोय, इथेच थांबतो.

तुझा धाकटा

ता. क. – ती हकीकत तुझी आहे. सांगू का, एवढं विचारायला हे पत्र.

ता. क. २ – हे आधी लिहायला हवं होतं. "मी सही केली तेव्हा कागद कोरा होता," असं तू दारोदार सांगत फिरलास आणि कुणी मानलं नाही. मला ते पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. साहेब नावं सांगत होते आणि तुझ्या सहीच्या वर ती मी टाइप करत होतो. टाइप केलेल्या मजकुराला अक्षर नसतं, म्हणून तुला कळलं नाही. नोकरी जाईल म्हणून मी गप्प बसलो. मला फार लाज वाटते, दादा.

ता. क. ३ – सोबत एक कोरा कागद आहे. खाली माझी सही केली आहे, तारीखही घातली आहे. वर तुला हवं ते लिही आणि वाचनालयाच्या पत्त्यावर पाठव. रविवारी वर्गात मी तो उभा राहून वाचीन.