कमी ऐकू येण्याचा दाखला

३ मार्च, सोमवार

खोली गेली! शुक्रवारी संध्याकाळी माझी होती, आज सकाळी खोक्यांची झाली. अकरा वर्षं मी ज्या मागच्या खोलीत मायक्रोस्कोपला डोळा लावून बसले, तिथे आता हातमोज्यांची आणि सुयांची खोकी. आणि मी बाहेर, मोठ्या हॉलमध्ये, सगळ्यांच्या मधोमध.

मोठ्या मॅडम म्हणाल्या, "एकत्र बसलं की काम पटापट होतं." होत असेल बुवा. डाव्या हाताला रक्त तपासणारं मोठं मशीन. एक नमुना संपला की तीनदा टीं टीं टीं. उजव्या हाताला नवीन मुलगी, दुसरा मायक्रोस्कोप घेऊन. समोर काउंटर, दोन फोन आणि नमुन्यांची लेबलं छापणारा प्रिंटर, तो दर वेळी घसा खाकरतो. वर ट्यूबलाइट. त्यातली एक फडफडते. काउंटरवाल्याला दाखवली. "कुठे फडफडते? तुमच्या डोळ्यांना आराम द्या जरा."

दिवसभरात छत्तीस काचा तपासून झाल्या. मागच्या खोलीत साठ व्हायच्या.

४ मार्च, मंगळवार

बेचाळीस. डोकं उठलंय. जेवले नाही.

६ मार्च, गुरुवार

आज कारण सापडलं. काचा कमी का होतात त्याचं.

माझं काम सांगायला सोपं आहे. काचेवर रक्ताचा थेंब पसरलेला असतो. त्यातल्या शंभर पांढऱ्या पेशी बघायच्या, कुठल्या जातीच्या किती ते मोजायचं. डोळा भिंगाला, बोटं खाली मोजणीयंत्राच्या कळांवर. शंभर झाल्या की यंत्राची घंटी वाजते, टिंग! म्हणजे डोळ्याने ओळखायचं, बोटाने दाबायचं आणि कानाने थांबायचं. हात इतका बसलाय की यंत्राकडे बघावं लागत नाही.

नवीन मुलीचं यंत्रही तसलंच. घंटीही तीच. तिची टिंग झाली की मी थांबते, काच काढून ठेवते, खाली बघते तर माझ्या एकसष्टच! की पुन्हा पहिल्यापासून. आज सात वेळा झालं. बरं, तिच्यावर चिडावं तर ती गोड आहे बिचारी. रोज विचारते, "ताई, पाणी भरून आणू का?" मनातल्या मनात मी तिचं नाव टिंगी ठेवलंय.

तिचा सेंट मात्र माझ्याआधी डब्यात शिरतो.

९ मार्च, रविवार

सुट्टी. दिवसभर पडदे ओढून पडून राहिले. दादाचा फोन आला, तोही नेहमीसारखा आरडाओरडा करत. "बाबांना दे!" आता बाबांना फोन देऊन काय उपयोग? त्याला दर वेळी सांगावं लागतं.

बाबा वर्षभरापासून माझ्याकडे आहेत, आई गेल्यापासून. मिलमधल्या मागांनी त्यांचे कान खाल्ले, असं आई सांगायची. खरं तर सांगायची कशाला, सगळ्या गल्लीला माहीत होतं. आई बाबांशी ओरडून बोलायची, पुढे सवयीने सगळ्यांशीच ओरडून बोलायला लागली. आमच्या घरातली एकही गोष्ट चार भिंतींत राहिली नाही. मी गाद्यांच्या कपाटात जाऊन बसायचे, कानांवर उशी धरून. "राजकन्या जन्माला यायची होती कुठेतरी, पत्ता चुकून आमच्याकडे आली!" हेही ओरडूनच.

बाबांचा त्रास काही नाही. सकाळी पेपर, संध्याकाळी गॅलरी. मी मिक्सर लावायला घेतला की उठून आत जातात. आल्या आल्या त्यांनी खोलीतलं भिंतीवरचं घड्याळ काढून मला आणून दिलं. बहिऱ्या माणसाला घड्याळ काय चावतं, देव जाणे. बोलतात फार कमी, तेही पुटपुटल्यासारखं. काही महत्त्वाचं असलं तर मी कागदावर लिहून देते. बाहेरून आल्यावर "आले हो" म्हणायची माझी सवय कधीच मोडली. कुणाला ऐकू जाणार?

पण एक आहे. संध्याकाळी कपड्यांच्या घड्या घालत मी त्यांच्याजवळ बसते आणि बोलते. हळू आवाजात, जे मनात येईल ते. आज टिंगीचं सांगितलं, ट्यूबचं सांगितलं, जेवायच्या खोलीत दहा जण स्टीलच्या डब्यांची झाकणं टेबलावर आपटतात तेव्हा दातांतून कळ जाते तेही सांगितलं. भिंतींनाही कान असतात म्हणतात. बाबांना तेही नाहीत. त्यामुळे बोलायला फार बरे.

११ मार्च, मंगळवार

औषधाच्या दुकानातून कानात घालायचे बोळे आणले. केशरी, मऊ. केस कानांवरून बांधले. काउंटरवाला म्हणाला, "नवीन स्टाईल? छान दिसते."

आणि काय सांगू! जग कुणीतरी गोधडीत गुंडाळलं. टीं टीं गेलं, प्रिंटर गेला, टिंगीची टिंग गेली. माझी स्वतःची टिंगही गेली म्हणा, म्हणून आता दर वेळी खाली बघावं लागतं. चालेल. अठ्ठावन्न काचा! भिंगाखाली त्या जांभळ्या पेशी, आपापल्या जागी, गुपचूप. मला हे काम आवडतं. हे मी कुणाला सांगितलेलं नाही, हसतील म्हणून.

१२ मार्च, बुधवार

एकसष्ट.

१३ मार्च, गुरुवार

लिहावंसं वाटत नाही. पण लिहिते.

सकाळी साडेदहाला वॉर्डातून एक काच आली. सहा वर्षांचा मुलगा, चार दिवस ताप. काउंटरवाल्याने ती माझ्या ट्रेमध्ये ठेवली आणि म्हणाला, "ताई, ही तातडीची." म्हणे. मला ऐकूच आलं नाही. मग वॉर्डातून फोन आला, मॅडमनी आपल्या जागेवरून हाक मारली. एकदा नाही, तीनदा. टिंगीने शेवटी खांद्याला हात लावला तेव्हा मी दचकले. सगळा हॉल माझ्याकडे बघत होता.

काच पन्नास मिनिटं तशीच पडून होती. मलेरिया, तोही भरपूर. पहिल्या नजरेत दिसला.

मुलगा बरा आहे. संध्याकाळी दोनदा विचारून आले. पण बरा नसता तर? माझ्या आरामासाठी मी त्या पोराची पन्नास मिनिटं घेतली. बोळे कचऱ्यात टाकले. मग पुन्हा काढून खिशात ठेवले. अशी मी.

१४ मार्च, शुक्रवार

मॅडमनी केबिनमध्ये बोलावलं. दार लावलं. वाटलं, आता धडगत नाही. तर आवाज एकदम मऊ. "कधीपासून कमी ऐकू येतंय?"

मी म्हटलं, "कमी नाही, मॅडम. जास्त ऐकू येतं."

त्या हसल्या. वाईट नाही हसल्या, खरंच हसू आलं त्यांना. "जास्त ऐकू येतं म्हणून कुणी तक्रार करतं का हो?"

खिशातल्या बोळ्यांवर मी मूठ आवळली. तेव्हाच काढून टेबलावर ठेवायला हवे होते.

त्यांनी तपासणीचा फॉर्म पुढे केला. सोमवार, २४ तारीख, कानाचे डॉक्टर. फॉर्मात श्रवण या शब्दापुढे तीन रकाने. चांगलं, कमी, खूप कमी. "हे बघा, 'कमी'वर खूण आली तर माझं काम सोपं आहे. मागची खोली रिकामी करून देते, फोनची ड्युटी बंद, तातडीच्या काचेला लाल दिवा लावून घेऊ. पण 'चांगलं'वर आली, तर मला तुम्हाला मायक्रोस्कोपवरून काढावं लागेल. काउंटरवर बसा. ऐकू येऊनही लक्ष नाही, हे मी कसं चालवून घेऊ? सहा वर्षांचा होता तो."

काउंटर! दोन फोन आणि प्रिंटर आणि दिवसाला तीनशे माणसं. आठवडाभरही टिकणार नाही मी तिथे. नोकरी सोडायची म्हटलं तरी चव्वेचाळिसाव्या वर्षी मला घेतंय कोण?

संध्याकाळी बाबांना सगळं सांगितलं. बोळ्यांचंही. रडले थोडी. ते गॅलरीतून खाली बघत होते.

१७ मार्च, सोमवार

बाबांचं आता वय झालं. सकाळी डबा उचलायला गेले तर त्यांनी तो जुन्या टॉवेलात गुंडाळून ठेवलेला, चमचा वेगळा, रुमालात. म्हटलं, असू दे. जेवायच्या खोलीत सगळे हसले. "ताई, डब्याला थंडी वाजते का?" पण झाकण टॉवेलावर ठेवलं तर आवाज नाही झाला. निदान माझ्या डब्याचा तरी नाही.

१८ मार्च, मंगळवार

बोळ्यांशिवाय. एकोणचाळीस.

२० मार्च, गुरुवार

हातमोज्यांचं खोकं आणायच्या निमित्ताने मागच्या खोलीत गेले. दार लावलं. लाकडी आहे ते, जाड. खोक्यावर बसले पाच मिनिटं. नळ थेंब थेंब गळतो तेवढाच काय तो आवाज. भिंतीवर माझ्या खुर्चीच्या पाठीचा घासलेला पट्टा अजून आहे.

एक खूण. 'कमी'वर. बस, एवढंच.

बाहेर आले तर टिंगी. "ताई, इथे बसून रडता का तुम्ही?" म्हटलं, नाही गं, इथे बसून रडायचं थांबते.

२२ मार्च, शनिवार

कानाची तपासणी कशी करतात ते वाचून काढलं. बंद खोलीत बसवतात, कानांवर हेडफोन, हातात बटण. बारीक बारीक आवाज सोडतात. ऐकू आला की बटण दाबायचं. नाही दाबलं की नाही ऐकू आला. इतकं सरळ!

२३ मार्च, रविवार

ठरलं. बारीक आवाजांना दाबायचं नाही, मोठ्यांना तेवढं दाबायचं. डोळ्याचं खोटं पकडता येतं, कानाचं कोण पकडणार? कुणाचं वाईट करत नाही मी. मला खोली मिळेल, काचा वेळेवर होतील, लाल दिवा असेल तर तातडीची काच चुकणार नाही. उलट सगळ्यांचं भलंच. जन्मभर खरं सांगितलं तेव्हा काय मिळालं? राजकन्या म्हणाले. नखरे म्हणाले. खरं बोलून हसू करून घेण्यापेक्षा खोटं बोलून शांत बसावं!

दुपारी कपड्यांच्या घड्या घालता घालता हेच सगळं बाबांना सांगितलं. आज मुद्दाम पूर्ण सांगितलं, आवाज कसा सोडतात, बटण कसं असतं, मी किती वेळा दाबणार नाही ते. म्हटलं, "तुमची मुलगी उद्यापासून तुमच्यासारखीच, बाबा. बापाच्या वळणावर गेली." मीच हसले. बाबा पेपर वाचत होते. तासभर एकच पान धरून बसले होते. जेवलेही कमी.

२४ मार्च, सोमवार. सकाळ

बूट घालत होते. मागून आवाज आला. "बटण दाब."

बाबा दारात उभे. हळू बोलले, मी रोज त्यांच्याशी बोलते तेवढ्याच हळू.

"आवाज आला की दाब. मिलमध्ये आमची तपासणी झाली होती. तुझा जन्म व्हायचा होता अजून. मी दाबलं नाही. मला मागांवरून काढून सुताच्या गोदामात दिलं. शांत जागा होती. आवाज सोसत नाही असं सांगायचो, तेव्हा सगळे हसायचे. बहिऱ्याला कुणी हसलं नाही."

मी म्हटलं, "म्हणजे तुम्हाला..."

"सगळं. पहिल्यापासून." मग जमिनीकडे बघत म्हणाले, "बहिऱ्याशी लोक ओरडून बोलतात, एवढं साधं माझ्या लक्षात आलं नाही. लग्न झालं तेव्हा तुझी आई फार हळू बोलायची. तो आवाज मला परत ऐकायला मिळाला नाही. उद्या सांगू, उद्या सांगू करता करता ती गेली."

राग आला. खूप आला. ते कपाट आठवलं, ती उशी आठवली. आणि आई! घसा बसला की मिठाच्या पाण्याच्या गुळण्या करून पुन्हा ओरडायला उभी राहायची.

पावणेदहाची वेळ आहे. निघते.

संध्याकाळ

दाबलं. प्रत्येक आवाजाला. डॉक्टरांनी 'चांगलं'वर खूण केली आणि रकाने सोडून कडेला हाताने दोन ओळी लिहिल्या, ऐकू नीट येतं पण आवाज सोसत नाहीत अशा. मॅडमच्या टेबलावर तो कागद ठेवला, शेजारी केशरी बोळे. त्यांनी कडेच्या ओळी दोनदा वाचल्या. काय ते उद्या कळेल.

घरी आले. दारात बूट काढता काढता म्हटलं, "आले हो." हळूच.

आतल्या खोलीतून उत्तर आलं, "आलीस?"