सायकलीला वारं

१० सप्टेंबर १९४४, ऐतवार
आजपास्नं रोज लिवायचं. आत्याबाईंला, म्हंजे सासूला, वाचाय येत न्हाई. तवा भ्या न्हाई.
नेम केला. सायकल शिकायची. हौसाला पाठीशी बांधून सांगलीच्या डाक्टरकडं न्यायची. पोर दोन वर्साची झाली, पाय टाकत न्हाई. आळशी हाय, दुसरं काय न्हाई. पर आत्याबाई म्हनाल्या, "मानसिंग रजेवर यायच्या आत पोर चालली तर बरं. न्हाईतर त्याला दुसरी करनार मी. लुळी पैदास नगं."
मानसिंग म्हंजे आमचं हे, पलटनीत हायत. आत्याबाईंनी थट्टा केली. लय जीव हाय त्यांचा माझ्यावर.

१२ सप्टेंबर, मंगळवार
जुन्या लाईनीवर गेले. लढाईपायी सरकारनं रूळ उपटून नेलं, आता नुसती खडी आन् भराव. आगीनगाडी न्हाई, मानूस न्हाई. सायकल माझ्याच आबांनी लग्नात जावयाला दिल्याली. घरात सांगितलं, गंज चढतुया, वारं लावून आनते.
बसले. पडले. धुळा धनगर मेंढरं चारत हुता. म्हनला, "वैनी, इंजान रुळावरनं घसरलं जनू!" मी म्हनलं, रूळ हायतच कुठं रं? मेला हसला. मेंढरंबी बघाय लागली.

१७ सप्टेंबर
आज येकदाबी पडले न्हाई. बसलेच न्हाई. गुडघा सुजलाय. हौसाला बाभळीखाली ठिवली. पैलं तिच्या कमरंला चिंधी लावून झाडाला बांधायची मी. आता बांधत न्हाई. कुठं जातीया.
बाभळीमागं मसनवटा हाय. उद्यापास्नं भ्यायचं न्हाई.

२८ सप्टेंबर
काल दसरा झाला. आत्याबाईंनी सायकलीला झेंडूची माळ घातली. घरात शेवंता आली, माझी पाठची भन. आत्याबाईंनीच बोलावून घेतली, पोर बघाय मदत हुईल म्हनून. मी सांगितलं नव्हतं का, जीव हाय त्यांचा.

४ आक्टोबर
शेवंताला लाईनीवर न्हेली. मी मागनं शीट धरून पळाले. दोन दिसांत शिकली बया! मी शिकवलंच तसं. धुळा म्हनला, "मास्तरीन पडतीया आन् शाळा पास हुतीया." जळतोय.
आता बेत पक्का. शेवंता चालवनार, मी मागं, मांडीवर हौसा. सोमवारी निघायचं.

९ आक्टोबर, सोमवार
न्हाई गेलो. आत्याबाईंनी शेवंताला उनात जायला बंदी केलीया. "तोंड करपंल तुजं." बघा, परक्याच्या लेकीचीबी किती काळजी. पुढच्या सोमवारी.

२२ आक्टोबर
दिवाळी झाली. मधल्या सोमवारी लाडू वळायचं हुतं. शेवंताला नवं हिरवं लुगडं. मला आत्याबाईंचं जुनं, धुऊन. बरुबर हाय, ती पावनी, मी घरची.
आबा आल्यात. आत्याबाईंसंगं सोप्यात बसलं. च्या घिऊन गेले तवा आत्याबाई म्हनत हुत्या, "सायकल येकदा दिलीया तुमी, आता दुसऱ्यांदा नगं." आबा खुशीत हसलं. मला बघून आत्याबाईंनी पावसाचं बोलनं काढलं.
लाईनीवरचं कळलं जनू! आता मार बसतुया. पर कोन रागं भरलं न्हाई. उलट आबांनी डोक्यावर हात ठिवला. म्हनलं, "सांभाळून घे बाळ." घीनच की. शेवंता माझ्याकडं बघंना. डोळ्यात कुसळ गेलं म्हनली.

३ नोव्हेंबर
तुळशीचं लगीन झालं आन् हे आले. हौसाला उचलली न्हाई. परवासानं दमल्यात. शेवंताला म्हनाले, "तू सायकल चालवतीस म्हनं? धीटच हायस!" लय हसले. मी म्हनलं, म्या शिकवली तिला. मला म्हनाले, "पानी तापव."
उद्या डाक्टरचं इचारनार यास्नी.

५ नोव्हेंबर, ऐतवार
डाक्टरचं इचारायचं ऱ्हायलं. हळद वाटायची हुती. शेवंताची आन् यांची.
बाया म्हनत्यात, नशिबाची हाईस, पाठचीच भन सवत आली, भांडन न्हाई तंटा न्हाई. व्हय म्हनलं.
सायकल मांडवाच्या मेढीला टेकवून ठिवल्याली. हौसा चाकाला धरून हुबी ऱ्हायली. मंग चाक सोडलं. पाऊल टाकलं. आनी टाकलं! मी वरडले, "आत्याबाई, चालली! आवं, चालली माजी पोर!"
आत्याबाईंनी मानबी वर केली न्हाई. म्हनाल्या, "आदी चालायचं हुतं. आता हळद लागली."
मी हात पसरून बसले हुते. हौसा माझ्या म्होरनं गेली, डुलत डुलत, शेवंताकडं. महिनाभर तीच खांद्यावर घिऊन फिरत हुती न्हवं. शेवंतानं उचलली. रडत हुती शेवंता.
हौसाच्या झबल्यावर पिवळी बोटं उठली. दोनदा धुतलं.
निघंना.